रुग्णालयातले जिवाणू औषधांना दाद देत नाहीत तेव्हा : वाचकांचे प्रश्न

रुग्णालयात दाखल असताना होणारे संसर्ग आणि त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरणारी प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि रुग्णाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरे सूक्ष्मजीवशास्त्राच्या अंगाने दिलेली आहेत. प्रत्यक्ष उपचारांचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

प्रश्न : मेंदूतील रक्तस्रावामुळे माझ्या वडिलांना अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवले होते. नवव्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला. तपासणीच्या अहवालात ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए’ असे नाव होते आणि खाली औषधांच्या लांबलचक यादीत दोन औषधे सोडून प्रत्येकापुढे ‘आर’ लिहिलेले होते. त्यांपैकी एकही औषध वडिलांनी यापूर्वी घेतलेले नव्हते. मग हा जंतू आला कोठून, आणि याला निष्काळजीपणा म्हणायचे का?

उत्तर : दाखल होऊन ४८ तास उलटल्यानंतर सुरू झालेला, दाखल होताना शरीरात ज्याची सुरुवातही झालेली नव्हती असा संसर्ग रुग्णालयजन्य मानला जातो. शस्त्रक्रियेच्या जखमेबाबत ही मुदत ३० दिवसांची असते आणि कृत्रिम सांध्यासारखी वस्तू बसवलेली असल्यास ती ९० दिवसांपर्यंत धरतात. तुमच्या वडिलांचा न्यूमोनिया या व्याख्येत बसतो.

व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत असते तेव्हा खोकून कफ बाहेर टाकण्याची शरीराची स्वाभाविक सोय बंद पडते आणि घशात साठलेला स्राव नळीच्या कडेने थेंबाथेंबाने खाली फुप्फुसात झिरपतो. त्यातच गंभीर आजारी माणसाच्या घशातले नेहमीचे निरुपद्रवी जिवाणू काही दिवसांतच मागे पडतात आणि त्यांची जागा क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू घेतात. ते कधी रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून वर येतात, तर कधी दुसऱ्या रुग्णाकडून हातांच्या, उपकरणांच्या किंवा खाटेच्या कठड्यांच्या मार्गाने येऊन पोचतात. वडिलांनी ती औषधे घेतली नव्हती हे खरे असले, तरी तो जिवाणू त्यांच्यापर्यंत येण्याआधी अनेकांच्या शरीरांतून, अनेक औषधांच्या माऱ्यातून तगून आलेला असू शकतो. प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण, जिवाणूबरोबर येतो. रुग्णाने स्वतः औषधांचा गैरवापर केलेला असलाच पाहिजे असे नाही. घरच्यांनी त्याबद्दल स्वतःला किंवा रुग्णाला दोष देऊ नये.

अहवाल कसा तयार होतो, तेही सांगतो. फुप्फुसातून ओढून घेतलेला स्राव पोषक द्रव्याच्या थाळीवर पसरून उबदार कपाटात ठेवला, की साधारणपणे १८ ते २४ तासांत जिवाणूंचे पुंजके दिसू लागतात. क्लेब्सिएलाचे पुंजके बहुधा फुगीर आणि चिकट असतात आणि तार लावली तर तिला चिकटून वर येतात. त्यांतला थोडा भाग दुसऱ्या थाळीवर एकसारखा पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ राहते. पडत नसेल तर वाढ थेट चकतीच्या काठाला भिडलेली दिसते. तुमच्या वडिलांच्या अहवालातल्या प्रत्येक ‘आर’चा अर्थ हा आहे. मात्र एका औषधाचे वर्तुळ दुसऱ्यापेक्षा मोठे आले म्हणून ते औषध अधिक प्रभावी ठरत नाही, कारण प्रत्येक औषधाचे मोजमाप वेगळे असते. तसेच ‘एस’, म्हणजे लागू पडते, असे लिहिलेले प्रत्येक औषध प्रत्येक अवयवात पोचतेच असे नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गात उत्तम काम करते, पण रक्तातील किंवा फुप्फुसातील संसर्गात त्याचा उपयोग नाही. म्हणून अहवाल हाती घेऊन औषध स्वतः ठरवण्याचा मोह टाळावा.

राहिला निष्काळजीपणाचा प्रश्न. एका रुग्णाला संसर्ग झाला एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे ७ आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ रुग्णांना असा किमान एक संसर्ग होतो. परंतु या दोन आकड्यांमधला फरकच सांगतो, की यातले बरेचसे संसर्ग टाळता येण्याजोगे असतात. ‘अतिदक्षता विभागात असे व्हायचेच’ हे उत्तर कोणी दिले तर ते मान्य करू नये. तेथे अशा संसर्गांची नोंद ठेवली जाते का आणि त्यांचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे, हे विचारण्याचा अधिकार नातेवाइकांना आहे.

प्रश्न : सारखी अँटिबायोटिक्स घेतल्याने शरीराला त्यांची सवय होते आणि मग ती लागू पडत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. बदल जिवाणूंमध्ये होतो, माणसाच्या शरीरात नाही. म्हणूनच आयुष्यात क्वचित औषध घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधी जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. वारंवार आणि अनावश्यक औषधे घेतल्याने आपल्या आतड्यातले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, न मरणाऱ्यांना मोकळे रान मिळते आणि पुढे तेच जिवाणू संसर्ग घडवण्याची शक्यता वाढते, एवढा अर्थ मात्र या समजुतीत खरा आहे.

प्रश्न : नवे औषध आले की काही वर्षांत जिवाणू त्यावर मात करतात. एवढ्याशा जिवाला हे इतक्या लवकर जमते कसे?

उत्तर : या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण रुग्णालयात जे घडते त्याचे मूळ येथे आहे.

पहिली गोष्ट, प्रतिरोध ही आपल्या औषधांमुळे नव्याने जन्मलेली चीज नाही. बहुतेक जुनी प्रतिजैविके मातीतल्या बुरशांनी आणि जिवाणूंनी शेजाऱ्यांशी चाललेल्या झगड्यात बनवलेली द्रव्ये आहेत, आणि त्या द्रव्यांपासून बचाव करणारी जनुकेही तितकीच जुनी आहेत. सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीत अशी जनुके सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन निष्प्रभ करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्ये केले, म्हणजे ते औषध रुग्णांवर नीट वापरले जाण्याच्याही आधी. आपण औषधांचा वापर प्रचंड वाढवून या जुन्या जनुकांना भाव आणला.

दुसरी गोष्ट वेगाची. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. कोट्यवधी जिवाणूंमध्ये एखाद्याच्या जनुकात योगायोगाने बदल होतो, एरवी त्या बदलाचा त्याला काहीच लाभ नसतो. पण औषधाने बाकीचे सारे मारले, की तो एकटा उरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच प्रजा सर्वत्र असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिचीच चर्चा कमी होते. जिवाणू प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देतात. मुख्य गुणसूत्राबाहेर त्यांच्याजवळ प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळे असतात आणि दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की त्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यासाठी दोघे एकाच जातीचे असावे लागत नाहीत. जपानमध्ये १९५० च्या दशकात जुलाब घडवणारे शिगेला जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा तेथील संशोधकांनी हा गुण ई. कोलायकडून शिगेलाकडे सरकतो हे दाखवून दिले. एकाच प्लाझ्मिडवर पाच-सहा वेगवेगळ्या औषधांविरुद्धची जनुके एकत्र असू शकतात. त्यामुळे त्यांपैकी कोणतेही एक औषध वापरले, तरी पूर्ण संच बाळगणारा जिवाणूच निवडला जातो आणि कधीही न वापरलेल्या औषधापुढेही अहवालात ‘आर’ उमटतो. रुग्णालयात गंभीर आजारी माणसे जवळजवळ असतात, त्यांतल्या अनेकांना प्रतिजैविके चालू असतात आणि त्यांची शुश्रूषा करणारे हात तेच असतात. या देवघेवीला याहून सोयीची जागा नाही.

मिळालेल्या जनुकांच्या जोरावर जिवाणू काय करतो, तेही पाहू. क्लेब्सिएला विकर तयार करून औषधाचा रेणूच तोडून टाकतो. एमआरएसए या नावाने ओळखला जाणारा स्टॅफिलोकोकस ऑरिअस आपल्या पेशीभित्तिका बांधणारे एक वेगळे प्रथिन बनवतो, ज्याला पेनिसिलिनच्या कुळातली बहुतेक औषधे चिकटतच नाहीत. एन्टरोकोकस भित्तिकेच्या कच्च्या मालात एक घटक बदलतो आणि व्हँकोमायसिन या औषधाची पकड सुटते. स्यूडोमोनास तर आत येण्याची छिद्रे कमी करतो आणि आत शिरलेले औषध पंपाने बाहेरही फेकतो.

इतिहासातले टप्पे पाहिले तर या धावपळीचा अंदाज येतो. पेनिसिलिनच्या कुळातले मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आले आणि त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये नोंदवला गेला. व्हँकोमायसिन १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याला प्रतिरोधी एन्टरोकोकस १९८० च्या दशकात युरोपात दिसला. कार्बापेनेम गटातील औषधे ही गंभीर संसर्गांतला मोठा आधार, पण ती तोडणारी केपीसी आणि एनडीएम ही विकरे प्लाझ्मिडांवरून जगभर पसरली. त्यानंतर मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून बाजूला पडलेले कोलिस्टिन हे जुने औषध डॉक्टरांनी नाइलाजाने पुन्हा बाहेर काढले, आणि त्याच्याही विरुद्धचे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

प्रश्न : सासूबाईंना बरेच दिवस लघवीची नळी आहे. लघवीच्या तपासणीत प्रतिरोधी जिवाणू आढळले, तरीही डॉक्टर औषध देत नाहीत. ताप नाही, त्रास नाही, हे खरे. पण वाट कशाची पाहायची?

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. जिवाणू असणे आणि संसर्ग होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. नळी घातल्यानंतर दर दिवसागणिक सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू दिसू लागतात आणि महिनाभर नळी राहिली तर ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जिवाणू स्वतःभोवती चिकट थर तयार करून राहतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात औषध पुरेसे पोचत नाही, शिवाय तेथले बरेच जिवाणू सुस्तावलेले असतात आणि वाढणाऱ्या जिवाणूवरच घाव घालणारी औषधे त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत. लक्षणे नसताना औषध दिले तर लघवी काही दिवस स्वच्छ दिसते आणि मग अधिक प्रतिरोधी जिवाणू परत येतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे याला महत्त्वाचे अपवाद आहेत.

डॉक्टरांना विचारावा असा खरा प्रश्न वेगळा आहे : या नळीची आज गरज आहे का? रोज हा प्रश्न विचारला आणि गरज संपताच नळी काढली, तर कोणत्याही औषधाने होणार नाही एवढा बचाव होतो. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे किंवा अचानक भ्रमिष्टपणा यांपैकी काही दिसले, तर मात्र लगेच कळवा.

प्रश्न : शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिजैविकाचा एकच डोस दिला. आणखी पाच दिवस दिला असता तर अधिक सुरक्षित झाले नसते का? आणि ‘कोर्स पूर्ण करा’ असे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याचे काय?

उत्तर : चीर देण्याच्या वेळी रक्तात आणि ऊतींत औषधाची पुरेशी मात्रा असावी, एवढाच त्या डोसचा हेतू असतो, म्हणून तो चिरेच्या आधीच्या दोन तासांत, बहुतेक औषधांच्या बाबतीत तासाभराच्या आत देतात आणि शस्त्रक्रिया फार लांबली तर पुन्हा देतात. टाके घातल्यानंतर केवळ खबरदारी म्हणून तो चालू ठेवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासून स्पष्ट शिफारस आहे. वाढीव दिवसांनी जखमेचा संसर्ग टळत नाही आणि आतड्यातल्या जिवाणूंची निवड मात्र होत राहते.

कोर्सविषयी समज बदलत चालली आहे. क्षयरोगात उपचार मध्येच सोडणे निश्चितच घातक असते. पण अनेक सर्वसामान्य संसर्गांत पूर्वीची १४ दिवसांसारखी मुदत पुराव्यापेक्षा रूढीवर आधारलेली होती. रक्तात पोचलेल्या संसर्गाच्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ दिवसांचे उपचार १४ दिवसांच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरिअसच्या संसर्गाचे रुग्ण त्यात नव्हते. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावे, स्वतःच्या मनाने थांबवू नये आणि लांबवूही नये. डॉक्टरांनी कमी दिवस सांगितले तर उपचार अर्धवट झाले असे समजू नये.

प्रश्न : औषधे संपत चालली असतील तर रुग्णालयात करण्यासारखे उरते काय? आम्ही नातेवाइकांनी काय करायचे?

उत्तर : पुष्कळ उरते, आणि ते आजही प्रत्येक खाटेपाशी करता येते. प्रतिरोध म्हटले की सगळ्यांचे लक्ष औषधांकडे जाते. पण जो जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेलाच नाही, त्याच्यावर कोणते औषध चालते याची चिंता करण्याची वेळच येत नाही.

इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. त्या विभागात एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले मातांच्या मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आले. तेव्हा जिवाणूंचा सिद्धान्त प्रस्थापितही झालेला नव्हता. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले आहे. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे या पाच गोष्टी काटेकोरपणे पाळल्या. त्या नळ्यांमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १८ महिन्यांत ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी एकही नवे औषध लागले नाही. हा अभ्यास प्रत्येक रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचे बटण, खाटेभोवतीचा पडदा, आणि हो, आपला मोबाइलही, या त्याच्या मुक्कामाच्या जागा आहेत. म्हणून रुग्णाला भेटण्यापूर्वी आणि भेटून निघताना हातांना अल्कोहोलचे द्रावण लावावे. बोटांची टोके, अंगठा आणि बोटांमधल्या जागा विसरू नयेत आणि हात कोरडे होईपर्यंत २० ते ३० सेकंद चोळावेत. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलमुळे जुलाब होत असलेल्या रुग्णापाशी मात्र साबण आणि पाणीच वापरावे, कारण त्या जिवाणूची बीजे अल्कोहोलने मरत नाहीत. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज नाही, हा समज घातक आहे. एका रुग्णापाशी घातलेले मोजे घालून दुसऱ्याला हात लावला तर मोज्याने जंतूचीच सोय होते.

डॉक्टर किंवा परिचारिकेला ‘हात स्वच्छ केले का?’ असे विचारायला संकोच वाटतो, हे अनेक पत्रांत आले आहे. नम्रपणे विचारा. चांगल्या विभागात या प्रश्नाचा राग येत नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्या, की एका परिचारिकेकडे फार रुग्ण दिले आणि हाताशी द्रावणच नसले, तर दोष तिचा एकटीचा नसतो.

प्रश्न : नवी औषधे येत आहेत का?

उत्तर : येत आहेत, पण पुरेशी नाहीत. सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टम हे २०१५ मध्ये आलेले संयुक्त औषध केपीसी विकरावर चालते, एनडीएमवर चालत नाही. सेफिडेरोकोल २०१९ मध्ये आले; जिवाणू लोह आत घेण्यासाठी जो मार्ग वापरतो त्याच मार्गाने ते आत शिरते. दोहोंविरुद्धही प्रतिरोध नोंदवला गेला आहे. अडचण विज्ञानाइतकीच व्यवहाराची आहे : नवे प्रतिजैविक जपून, मोजक्या रुग्णांना आणि थोडेच दिवस द्यायचे असते, त्यामुळे ते बनवणाऱ्याचा खर्च निघत नाही. प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते तयार करणाऱ्या कंपनीने पुढच्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार प्रतिरोधी जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडले. अशा औषधांच्या निर्मितीचा भार सरकारांनी उचलायला हवा, खपाच्या हिशेबावर ती सोडता येणार नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : आईच्या नाकातील तपासणीत एमआरएसए आढळला, पण तिला संसर्ग नाही आणि आता घरी सोडणार आहेत. घरात लहान मूल आहे. आईला वेगळ्या खोलीत ठेवावे का?

उत्तर : नाही. निरोगी माणसांच्या नाकातही स्टॅफिलोकोकस असतो आणि त्याने बहुधा काही बिघडत नाही. आईने नातवंडाला जवळ घ्यावे, एकत्र जेवावे. हात धुवावेत, टॉवेल आणि दाढीचे ब्लेड यांसारख्या वस्तू प्रत्येकाने वेगळ्या वापराव्यात, उघडी जखम झाकून ठेवावी आणि कपडे नेहमीसारखे धुऊन पूर्ण वाळवावेत, एवढे पुरेसे आहे. घरात कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे फार कमी झालेली असेल, किंवा मुलाच्या अंगावर इसबासारख्या जखमा असतील, तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

घरी सोडतानाच्या कागदावर हा निष्कर्ष नोंदवून घ्या. पुढे कोणत्याही कारणाने आईला दाखल करावे लागले किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर पहिल्याच भेटीत तो कागद दाखवा. त्यावरून तेथील डॉक्टर योग्य प्रतिजैविक निवडू शकतात आणि शेजारच्या रुग्णांपर्यंत जिवाणू पोचू नये याची तजवीज पहिल्या दिवसापासून करू शकतात.